रेणूंतील वलये : त्यांचा विस्तार आणि संकोच

देवापुढे जळणारा कापूर, कोळ्याच्या होडीतील नायलॉनचे जाळे आणि त्वचेच्या किंवा घशाच्या संसर्गावर दिले जाणारे सेफॅलेक्सिन हे औषध, ह्या तीन वस्तूंमध्ये वरकरणी कोणतेही साम्य दिसत नाही. एक पूजेच्या साहित्यातील, दुसरी व्यवसायाची, तिसरी औषधाच्या दुकानातील. परंतु ह्या तिन्ही वस्तू कारखान्यात तयार होत असताना त्यांच्या वाटचालीत एक पायरी अशी येते की, जिच्यात रेणूतील अणूंचे एक वलय एका अणूने मोठे होते. ही पायरी नेमकी कशी घडते, ती घडण्यामागचे कारण रसायनशास्त्रज्ञांना कसे उमगले आणि त्या एका अणूच्या वाढीने माणसाच्या व्यवहारात केवढा फरक पडला, हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे.

कार्बनच्या अणूला इतर अणूंशी जोडले जाण्यासाठी चार बंध उपलब्ध असतात. कार्बनचे अनेक अणू एकापुढे एक जोडले गेले म्हणजे साखळी होते आणि साखळीची दोन्ही टोके एकमेकांस मिळाली म्हणजे वलय तयार होते. १८६५ साली ऑगस्ट केकुले ह्या जर्मन शास्त्रज्ञाने बेंझिनच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे वलय असते, ही कल्पना मांडली. त्यानंतर बरीच वर्षे वलय म्हणजे सहा अणूंचेच, अशी समजूत रूढ होती. तीन किंवा चार अणूंची वलये बनविता येणार नाहीत आणि बनली तरी टिकणार नाहीत, असे अनेक नामवंतांचे मत होते. विल्यम हेन्री पर्किन ह्या तरुण इंग्रज संशोधकाने, मॉव्ह हा पहिला कृत्रिम रंग शोधणाऱ्या पर्किनच्या ह्या मुलाने, म्युनिक येथे आडोल्फ फोन बेयर यांच्या प्रयोगशाळेत १८८३ ते १८८५ ह्या काळात तीन व चार कार्बन अणूंची वलये असलेली संयुगे बनविली आणि ती बाटलीत साठवून ठेवण्याइतकी स्थिर असतात हे दाखवून दिले.

ह्या नव्या वलयांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न १८८५ साली स्वतः बेयर यांनी केला. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. त्यांपैकी कोणत्याही दोन बंधांतील कोन १०९ अंश २८ मिनिटे असतो. तीन अणूंचे वलय त्रिकोणी असणार, म्हणजे तेथील कोन ६० अंशांचा. तेव्हा प्रत्येक बंधाला आपल्या स्वाभाविक दिशेपासून २४ अंश ४४ मिनिटे आत वाकावे लागते. चौकोनी वलयात हे वाकणे ९ अंश ४४ मिनिटांचे असते. पंचकोनात ते केवळ ४४ मिनिटांचे, म्हणजे जवळजवळ नाहीच. जेवढे वाकणे अधिक तेवढा रेणूवरील ताण अधिक, असा बेयर यांचा सिद्धांत होता. ताणलेल्या धनुष्यात जशी ऊर्जा साठलेली असते, तशी ती लहान वलयातही साठलेली असते.

ह्या सिद्धांताचा एक भाग पुढे टिकला नाही. सर्व वलये कागदावर काढलेल्या आकृतीप्रमाणे सपाट असतात असे बेयर यांनी गृहीत धरले होते. त्यामुळे सहांपेक्षा मोठ्या वलयांतही उलट दिशेने ताण वाढत जाणार आणि फार मोठी वलये अस्तित्वातच असू शकणार नाहीत, असा निष्कर्ष निघत होता. १८९० साली हेर्मान झाक्से याने दाखवून दिले की, वलय सपाट असण्याचे कारण नाही. सहा अणूंचे वलय खुर्चीसारखे वाकले तर त्यात ताण उरतच नाही. त्याच्या हयातीत ह्या विचाराकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. एर्न्स्ट मोर याने १९१८ साली तो पुन्हा पुढे आणला. अखेर १९२६ साली लेओपोल्ड रुझिच्का यांनी कस्तुरीच्या सुगंधाचा उलगडा केला. कस्तुरीमृगापासून मिळणाऱ्या मस्कोन ह्या द्रव्यात पंधरा अणूंचे, तर जवादी मांजराच्या सुगंधी द्रव्यात सतरा अणूंचे वलय असते, हे त्यांनी सिद्ध केले. ज्या वलयांना कागदावर जागा नव्हती, ती हिमालयातील हरणाच्या शरीरात युगानुयुगे बनत होती.

बेयर यांच्या सिद्धांताचा दुसरा भाग मात्र आजही खरा आहे. लहान वलये ताणलेली असतात. तीन अणूंच्या वलयात दर मोलमागे सुमारे २७ किलोकॅलरी, चार अणूंच्या वलयात सुमारे २६, पाचांच्या वलयात केवळ सुमारे ६ आणि सहांच्या वलयात जवळजवळ शून्य इतकी ताणाची ऊर्जा असते. हे आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. तीन आणि चार ह्यांत फारसा फरक नाही. चार आणि पाच ह्यांत मात्र मोठी दरी आहे. पुढील सर्व विवेचनाची किल्ली ह्या दरीत आहे.

१९०३ साली निकोलाय देम्यानोव ह्या रशियन रसायनशास्त्रज्ञाने एक साधा दिसणारा प्रयोग केला. चार कार्बन अणूंचे वलय, त्याच्या बाहेर जोडलेला एक कार्बन आणि त्या बाहेरच्या कार्बनवर नायट्रोजनयुक्त अमाइन गट, अशी रचना असलेले संयुग त्याने घेतले आणि त्यावर नायट्रस अम्लाची विक्रिया केली. अशा विक्रियेत नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो आणि त्याच्या जागी हायड्रॉक्सी गट येऊन अल्कोहॉल मिळते, हे तेव्हा सर्वांना माहीत होते. म्हणजे अपेक्षा अशी की, चारांचे वलय जसेच्या तसे राहील. प्रत्यक्षात पाच अणूंच्या वलयाचे अल्कोहॉल हाती आले. बाहेर उभा असलेला कार्बन वलयाच्या आत गेला होता. पुढे असेही आढळले की, तीन अणूंच्या वलयाबाहेर अमाइन गट ठेवला किंवा चारांच्या वलयावरच तो ठेवला, तरी दोन्ही प्रयोगांतून तीनच्या व चारच्या वलयांच्या अल्कोहॉलांचे मिश्रणच मिळते. एका प्रयोगात वलय वाढते, दुसऱ्यात ते आक्रसते. वरील आकड्यांच्या आधारे ह्याचा उलगडा सहज होतो. तीन व चार ह्यांच्या ताणांत फरक नसल्याने रेणू दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. चारांवरून पाचांकडे जाताना मात्र ताण एवढा कमी होतो की वाट एकाच दिशेची होते.

परंतु वलयात शिरणे म्हणजे नेमके काय घडते, हा प्रश्न उरतोच. वलय तुटते, मग पुन्हा जुळते, असे समजावे काय? ह्याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले. वॉर्सा येथील प्राध्यापक येगोर वॅग्नर याने १८९९ साली टर्पेंटाइन व कापूर ह्यांच्या कुळातील संयुगांत बंध आपली जागा बदलतात हे ओळखले. १९२२ साली हान्स मेरवाइन याने अशा पुनर्रचनांचा वेग मोजला आणि विद्रावक बदलला की वेग कसा बदलतो ते पाहिले. ध्रुवीय विद्रावकात, म्हणजे विद्युत्‌भाराला सांभाळून घेणाऱ्या द्रवात, विक्रिया अधिक जलद होत होती. ह्यावरून त्याने असे अनुमान काढले की, वाटेत कोठेतरी कार्बनवर धन विद्युत्‌भार येतो. बंधासाठी लागणारे दोन इलेक्ट्रॉन त्या कार्बनजवळ नसतात आणि शेजारचा बंध आपले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन त्या रिकाम्या जागेकडे सरकतो. असे धनभारित कार्बन क्षणजीवी असल्याने ते प्रत्यक्ष पाहणे फार काळ अशक्य वाटत होते. अत्यंत तीव्र अम्लांत त्यांना टिकवून धरून त्यांचा अभ्यास करण्याचे श्रेय जॉर्ज ओला यांच्याकडे जाते आणि त्या कार्याबद्दल १९९४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले.

ही घटना डोळ्यांपुढे आणण्यासाठी फेर धरलेल्या मुलींची कल्पना करावी. प्रत्येक मुलीने दोन्ही हातांनी शेजारणींचे हात धरले आहेत. कार्बनला चार हात असतात हे ध्यानात घेऊन असे समजू की, फेरातील एका मुलीने तिसऱ्या हाताने बाहेरच्या एका मुलीला धरले आहे. ह्या बाहेरच्या मुलीचा एक हात आता रिकामा झाला, कारण तिच्या हातातील वस्तू, म्हणजे आपल्या उदाहरणातील नायट्रोजन, निघून गेली. अशा वेळी फेरातील शेजारीण आपल्या जोडीदारणीचा हात सोडते आणि त्याच क्षणी बाहेरच्या मुलीचा रिकामा हात धरते. फेर पूर्ण मोडलेला नाही. फक्त एक हात एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला. बाहेरची मुलगी आता फेरात आहे आणि फेर एकाने मोठा झाला आहे. ह्याच्या उलट, रिकामा हात फेरातीलच एका मुलीचा असेल, तर तिच्या शेजारणीच्या पलीकडची मुलगी तो हात धरते. मग मधली मुलगी फेराबाहेर पडते आणि फेर एकाने लहान होतो. हात सोडणारी, हात धरणारी आणि रिकामा हात असणारी, एवढ्या तिघींच्या हालचालीत विस्तार व संकोच ह्या दोन्ही क्रियांचे रहस्य सामावलेले आहे.

ह्या तत्त्वाचा व्यवहारातील पहिला मोठा उपयोग कापराच्या बाबतीत झाला. भारतात प्राचीन काळापासून दोन प्रकारचे कापूर परिचित आहेत. एक भीमसेनी कापूर, जो बोर्निओ व सुमात्रा ह्या बेटांवरील वृक्षांपासून मिळे; आणि दुसरा चीन, जपान व तैवान येथील कर्पूरवृक्षाच्या लाकडातून ऊर्ध्वपातनाने काढलेला. १८७० साली अमेरिकेत हायट बंधूंनी सेल्युलोज नायट्रेट व कापूर ह्यांपासून सेल्युलॉइड बनविण्याचे एकस्व मिळविले आणि कापूर ही केवळ पूजेची व औषधाची वस्तू राहिली नाही. कंगवे, खेळणी, छायाचित्रांच्या व आरंभीच्या चित्रपटांच्या फिती ह्यांसाठी तो लागू लागला. १८९५ साली तैवान जपानच्या ताब्यात गेले आणि १८९९ साली जपानी सरकारने तेथील कापराचा व्यापार आपल्या मक्तेदारीखाली आणला. वृक्ष वाढण्यास अनेक वर्षे लागतात. मागणी मात्र वर्षावर्षाने वाढत होती. तेव्हा कापूर कारखान्यात बनविता येईल काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा उरला नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर चीड वृक्षाच्या राळेत होते. राळेच्या ऊर्ध्वपातनाने टर्पेंटाइन मिळते आणि त्याचा मुख्य घटक असतो पायनीन. त्याच्या रेणूत दहा कार्बन असतात आणि कापराच्या रेणूतही दहाच. फरक आहे तो मांडणीचा. पायनीनमध्ये सहा अणूंच्या वलयाला चार अणूंचे ताणलेले वलय चिकटलेले असते. कापरामध्ये सहा अणूंच्या वलयावर एका कार्बनचा पूल असतो आणि त्यामुळे पाच-पाच अणूंची दोन वलये एकमेकांत गुंतलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच असे आढळून आले होते की, थंड केलेल्या टर्पेंटाइनमध्ये कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला असता कापरासारख्या वासाचा एक पांढरा स्फटिकी पदार्थ तयार होतो. त्याला कृत्रिम कापूर म्हणत. पण त्यात क्लोरीन असे आणि तो कापूर नव्हता. त्या पदार्थाचे मर्म शंभर वर्षांनी कळले. हायड्रोजन क्लोराइडमधील हायड्रोजन पायनीनला चिकटतो, शेजारच्या कार्बनवर धनभार येतो आणि त्या कार्बनला लागून असलेल्या चारांच्या वलयातील बंध त्याच्याकडे सरकतो. चारांचे वलय पाचांचे होते आणि कापराचा सांगाडा तयार होतो.

येथे एक गोष्ट विशेष लक्ष देण्यासारखी आहे. बंध सरकल्यावर धनभार ज्या कार्बनवर जाऊन पोहोचतो, ती जागा त्या भारासाठी पहिलीपेक्षा कमी सोयीची असते. सामान्यतः रेणू असा तोट्याचा व्यवहार करीत नाही. पायनीन तो करतो, कारण चारांच्या वलयाचा ताण सुटल्याने होणारा लाभ त्या तोट्याहून मोठा असतो. १८८५ सालचे बेयर यांचे ताणलेले धनुष्य येथे सुटते.

ह्या सांगाड्यापासून कापरापर्यंतची वाट अशी : अल्कलीच्या साहाय्याने हायड्रोजन क्लोराइड काढून टाकला की बंध पुन्हा एकदा सरकून कॅम्फीन हे संयुग मिळते. कॅम्फीनवर अम्लाच्या साहाय्याने ॲसिटिक अम्लाची विक्रिया केली की बंध तिसऱ्यांदा सरकतो आणि आयसोबोर्निऑलचे एस्टर तयार होते. त्याचे आयसोबोर्निऑल व त्याच्या ऑक्सिडीभवनाने कापूर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत कृत्रिम कापूर व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागला आणि पुढील काही दशकांत मक्तेदारीचे महत्त्व ओसरत गेले. आजच्या कारखान्यांत पायनीनचे कॅम्फीनमध्ये रूपांतर टिटॅनियम डायऑक्साइडसारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने एकाच टप्प्यात केले जाते. भारतातही टर्पेंटाइनपासून कापूर बनविणारे कारखाने आहेत आणि आरतीच्या तबकात जळणारा कापूर आज बहुधा कर्पूरवृक्षाचा नसून चिडाच्या राळेतून आलेला असतो.

वलयाच्या बाहेर उभा असलेला अणू कार्बनचाच असला पाहिजे, असे मात्र नाही. तो नायट्रोजनचा असला तरी वलयात येऊ शकतो. १८८६ साली एर्न्स्ट बेकमान याने अशी पुनर्रचना शोधून काढली. कीटोनवर हायड्रॉक्सिलअमाइनची विक्रिया केली असता ऑक्झाइम मिळते. त्यात कार्बनला जोडलेला नायट्रोजन आणि नायट्रोजनला जोडलेला हायड्रॉक्सी गट असतो. तीव्र अम्लात हा हायड्रॉक्सी गट पाण्याच्या रूपाने निघू लागतो आणि त्याच क्षणी त्याच्या विरुद्ध बाजूचा कार्बनचा बंध नायट्रोजनकडे सरकतो. सहा अणूंच्या वलयाच्या सायक्लोहेक्सॅनोनपासून आरंभ केला, तर सहा कार्बन व एक नायट्रोजन असे सात अणूंचे वलय तयार होते. हेच कॅप्रोलॅक्टम. ऑक्झाइम आणि कॅप्रोलॅक्टम ह्या दोहोंत प्रत्येक मूलद्रव्याचे अणू अगदी सारख्याच संख्येने असतात. काही मिळविलेले नाही, काही गमावलेले नाही. फक्त एका बंधाने घर बदलले आहे.

कित्येक वर्षे कॅप्रोलॅक्टम हे प्रयोगशाळेतील एक संयुग एवढेच होते. अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स याने १९३५ साली नायलॉन–६६ तयार केले. कॅप्रोलॅक्टमची वलये उघडून त्यांची लांब साखळी होत नाही, असा निष्कर्ष त्याने त्यापूर्वी प्रसिद्ध केलेला होता. जर्मनीत पाउल श्लाक याने ह्या निष्कर्षाची पुन्हा परीक्षा घेतली आणि जानेवारी १९३८ मध्ये त्याला कॅप्रोलॅक्टमपासून धागा काढता येण्याजोगे बहुवारिक मिळाले. सात अणूंच्या वलयातही थोडा ताण असतो. थोडे पाणी घालून ते सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापविले असता वलये उघडतात आणि एकमेकांना जोडली जातात. ह्या धाग्याला नायलॉन–६ म्हणतात. प्रथम वलय एका अणूने वाढवावयाचे आणि मग तेच उघडून साखळी करावयाची, असा हा दुहेरी व्यवहार आहे. मासेमारीची जाळी, वाहनांच्या टायरांतील दोर, दोरखंड आणि वस्त्रे ह्यांत हा धागा वापरला जातो.

ह्या विक्रियेची एक किंमतही मोजावी लागते. बेकमान पुनर्रचना घडविण्यासाठी तीव्र सल्फ्यूरिक अम्ल लागते आणि शेवटी ते उदासीन करण्यासाठी अमोनिया लागतो. त्यातून अमोनियम सल्फेट तयार होते. जुन्या पद्धतीत एक टन कॅप्रोलॅक्टममागे सुमारे चार टन अमोनियम सल्फेट निघे. म्हणजे मुख्य मालापेक्षा दुय्यम मालच अधिक. परंतु अमोनियम सल्फेट हे खत आहे. बडोद्यातील गुजरात राज्य खत कंपनी आणि केरळमधील उद्योगमंडल येथील फॅक्ट ह्या मूळच्या खतांच्या कंपन्यांनी कॅप्रोलॅक्टमच्या उत्पादनात पाऊल टाकले, ते ह्या संबंधामुळे समजण्याजोगे आहे. अमोनिया, सल्फ्यूरिक अम्ल आणि खताची बाजारपेठ त्यांच्याजवळ आधीच होती. तरीही घन उत्प्रेरकांचा उपयोग करून अम्लाचा व दुय्यम मालाचा हा भार कमी करण्याचे प्रयत्न जगभर झाले आणि काही कारखान्यांत ते यशस्वीही झाले.

नायट्रोजनप्रमाणेच ऑक्सिजनलाही वलयात स्थान मिळू शकते. १८९९ साली बेयर व व्हिक्टर व्हिलिगर ह्यांनी वलययुक्त कीटोनांवर पेरॉक्सीअम्लाची विक्रिया करून ऑक्सिजनचा एक अणू वलयात घातला. ह्याच मार्गाने मिळणाऱ्या कॅप्रोलॅक्टोनपासून सावकाश विघटन पावणारे प्लॅस्टिक बनते आणि शरीरात विरघळून जाणाऱ्या शस्त्रक्रियेच्या काही टाक्यांतही त्याचा अंश असतो.

आता तिसरे उदाहरण, ज्यात प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. १९२८ साली ॲलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनचा शोध लावला आणि ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास त्याचे औषध केले. भारतात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला, तो प्रामुख्याने पेनिसिलिनसाठीच. पेनिसिलिनच्या रेणूत दोन वलये एकमेकांस चिकटलेली असतात. चार अणूंचे ताणलेले लॅक्टम वलय हे जंतूंवर घाव घालणारे शस्त्र आहे आणि त्याला जोडलेले गंधक व नायट्रोजनयुक्त पाच अणूंचे वलय ही जणू त्या शस्त्राची मूठ आहे. परंतु थोड्याच वर्षांत काही जंतू चारांचे वलय तोडून टाकणारे एक विकर निर्माण करू लागले आणि त्यांच्यापुढे पेनिसिलिन निरुपयोगी ठरू लागले.

१९४५ साली सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे जुझेप्पे ब्रोत्सू यांना समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याजवळ एक बुरशी सापडली, जिचा अर्क अनेक जंतूंना मारी. ती ऑक्सफर्डला पाठविण्यात आली. तेथे एडवर्ड एब्रहम व गाय न्यूटन ह्यांनी तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन–सी वेगळे केले आणि १९६१ साली त्याची रचना निश्चित झाली. शस्त्र तेच, चार अणूंचे लॅक्टम वलय. मूठ मात्र पाचांऐवजी सहा अणूंची. पेनिसिलिनला तोडणाऱ्या जंतूंच्या विकराला सेफॅलोस्पोरिन सहज तोडता येत नव्हते. अडचण अशी की, ती बुरशी हे द्रव्य फारच थोड्या प्रमाणात देई, तर पेनिसिलिन मात्र मोठ्या टाक्यांत भरपूर व स्वस्त तयार होत असे. १९६५ साली आर. बी. वुडवर्ड यांनी सेफॅलोस्पोरिन–सी चे संपूर्ण संश्लेषण जाहीर केले. बौद्धिक दृष्ट्या तो मोठा पराक्रम होता. पण तेवढ्या पायऱ्यांनी औषध सर्वसामान्य रुग्णाच्या आवाक्यात येणे शक्य नव्हते.

स्वस्त वाट दुसरीकडे होती. अमेरिकेत रॉबर्ट मोरिन आणि त्याचे सहकारी ह्यांनी १९६३ साली पेनिसिलिनच्या पाच अणूंच्या वलयाचेच सहांत रूपांतर करून दाखविले. पेनिसिलिनमधील गंधकावर प्रथम ऑक्सिजनचा एक अणू चढवावयाचा आणि मग ते अम्लाबरोबर तापवावयाचे. गंधकाच्या शेजारच्या कार्बनवर दोन मिथिल गट, म्हणजे वलयाबाहेर उभे असलेले दोन कार्बन असतात. तापविल्यावर गंधक आपल्या जुन्या शेजाऱ्याला सोडतो आणि अखेरीस त्या दोन बाहेरच्या कार्बनांपैकी एकाला धरतो. पायनीनच्या उदाहरणाहून येथील मार्ग थोडा वेगळा आहे, कारण येथे वलय क्षणभर खरोखरच उघडते आणि मग पुन्हा बंद होते. कठीण भाग असा की, हे सारे घडत असताना शेजारचे चार अणूंचे नाजूक वलय जराही दुखावता कामा नये. ते तुटले तर औषध गेले. सेफॅलेक्सिन हे तोंडावाटे घेण्याचे औषध पेनिसिलिनपासून बनविण्याचा मार्ग ह्या वलयविस्तारामुळे मोकळा झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आज त्याचा समावेश आहे.

पुढे संशोधनात असे आढळले की, मनुष्याने जे १९६३ साली साधले, ते बुरशी पूर्वीपासून करीत आली होती. सेफॅलोस्पोरिन बनविणारी बुरशी प्रथम पेनिसिलिनच बनविते आणि मग एका विकराच्या साहाय्याने त्यातील पाचांचे वलय सहांचे करते. ह्या विकराच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो आणि तो हवेतील ऑक्सिजनचा उपयोग करून घेतो. तीव्र अम्ल नाही, उष्णता नाही. ह्या विकराचे जनुक पेनिसिलिन बनविणाऱ्या बुरशीत घालून टाकीतच मोठे वलय मिळविण्याची पद्धतीही आता उद्योगात आली आहे आणि तिच्यामुळे विद्रावकांचा व दूषित सांडपाण्याचा भार कमी झाला आहे.

वलयसंकोचाचा उल्लेख केल्याखेरीज हा विषय पुरा होणार नाही. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेय फाव्होर्स्की याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शोधलेल्या पुनर्रचनेत क्लोरीन वा ब्रोमीन असलेले वलययुक्त कीटोन अल्कलीच्या प्रभावाने एका अणूने आक्रसते. सहांचे वलय पाचांचे होते आणि बाहेर पडलेला कार्बन अम्लाचा गट म्हणून वलयाला लटकतो. १९६४ साली शिकागो येथे फिलिप ईटन व टॉमस कोल ह्यांनी हीच पुनर्रचना दोनदा वापरून क्यूबेन हा रेणू घडविला. आठ कार्बन अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि प्रत्येक कोन ९० अंशांचा, अशी त्याची रचना आहे. बेयर यांच्या हिशेबाने हा रेणू विलक्षण ताणलेला आहे आणि तो तसाच आहेही. तरीसुद्धा तो सामान्य तापमानाला स्थिर राहतो. ताण असणे आणि तो सुटण्याची वाट उपलब्ध असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पायनीनला ती वाट सहज मिळते. क्यूबेनला मिळत नाही.

ह्या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा आहे. रेणूचे वलय म्हणजे एकदा घडविले की कायम राहणारी बांगडी नव्हे. शेजारी एखादी जागा रिकामी झाली, सरकण्यास योग्य बंध समोर आला आणि सरकल्याने ताण सुटत असेल किंवा दुसरा काही लाभ होत असेल, तर वलय एका अणूने वाढते अथवा घटते. देम्यानोवने हे पाहिले तेव्हा ती प्रयोगशाळेतील एक विसंगती होती. मिळावयाला हवे होते ते न मिळता भलतेच हाती आले होते. अशी विसंगती टाकून न देता तिचे कारण शोधले गेले, म्हणूनच पुढे कापूर, धागा आणि औषध ह्यांच्या वाटा समजून घेता आल्या, सुधारता आल्या. कापराच्या बाबतीत ह्या एका अणूने एका राष्ट्राची मक्तेदारी सैल केली, कॅप्रोलॅक्टमच्या बाबतीत धाग्याबरोबर खताचा प्रश्न उभा केला आणि सोडविलाही, व पेनिसिलिनच्या बाबतीत जंतूंनी निकामी करू घातलेल्या शस्त्राला नवी मूठ दिली. जंतू आता अनेक सेफॅलोस्पोरिनांनाही तोडू लागले आहेत, ही आजची वस्तुस्थिती आहे. त्यामुळे मूठ बदलण्याचे काम संपलेले नाही; आणि ते पुढे चालविणाऱ्यांना वलयातील अणू मोजण्यापासूनच आरंभ करावा लागणार आहे.